फुटबॉल दिवाळीआधी

२६ डिसेंबर २०२५ रोजी मुंबई सिटी एफसीचा मालक बदलला. मँचेस्टर सिटी ज्यांच्या मालकीचा आहे, त्या सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९मध्ये मुंबईच्या क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. तो सगळा हिस्सा अभिनेता रणबीर कपूर आणि बिमल पारेख या मूळ मालकांकडे परत सोपवून ग्रुपने मुंबईतून गाशा गुंडाळला. कारण दिले ते देशातल्या सुपर लीगच्या भवितव्याबद्दलच्या अनिश्चिततेचे. बीडमध्ये या बातमीची कुणी फारशी दखल घेतली नसेल आणि त्यात बीडकरांचा काही दोष नाही. डिसेंबरात इथली गावेच्या गावे ऊसतोडीला गेलेली असतात. दारांना कुलपे लागलेली असतात, मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि शेळ्या. अशा गावाला मुंबईच्या क्लबच्या मालकीशी काय देणेघेणे, असे कुणी विचारील. देणेघेणे आहे, आणि ते थेट इथल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरापोरींशी आहे.

कारण याच डिसेंबरात, १४ तारखेला, लिओनेल मेस्सी वानखेडे स्टेडियमवर आला होता आणि त्याच्या साक्षीने राज्य सरकारने ‘प्रोजेक्ट महादेवा’चा गाजावाजा केला. १३ वर्षांखालील ३० मुलगे आणि ३० मुली निवडायच्या, त्यांना पाच वर्षे शिष्यवृत्ती देऊन घडवायचे, अशी ही योजना. हेतू चांगला आहे, त्याचे स्वागतच करायला हवे. पण हिशेब करून पाहावा. राज्यात जिल्हे ३६, मुले ६०. जिल्ह्यामागे दोनही येत नाहीत. आणि ज्या एखाद्या बीडच्या पोराची निवड होईल, तो १८ वर्षांचा झाल्यावर खेळणार कुठे? फुटबॉलमध्ये पोटापाण्याचा रस्ता क्लबातून जातो. महाराष्ट्रात असा क्लब, सहा वर्षांनीही हमखास जागेवर असेल असा, आज एकही दाखवता येत नाही.

मुंबई सिटी हा राज्यातला सर्वांत यशस्वी आधुनिक क्लब. २०२०-२१मध्ये त्याने लीग शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले, २०२२-२३मध्ये पुन्हा शील्ड, २०२३-२४मध्ये पुन्हा करंडक. एप्रिल २०२२मध्ये इराकच्या एअरफोर्स क्लबला २-१ असे हरवून एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. २०२४च्या करंडकावेळी कर्णधार होता मुंबईचा मराठी खेळाडू राहुल भेके. पण त्याच वर्षी भेके बंगळुरूला परत गेला आणि मधल्या फळीचा कणा असलेला आपुइया मोहन बागानने उचलला. पुढच्या वर्षी मेहताबसिंगही बागानकडेच गेला. खेळाडू चांगल्या पैशाकडे जातो, त्याची कारकीर्द जेमतेम दहा-बारा वर्षांची असते, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. प्रश्न त्यांच्या जागी तयार होणाऱ्या पोरांचा आहे. मँचेस्टरचा पैसा आणि तिथला प्रशिक्षणाचा अनुभव निघून गेल्यावर हा क्लब पहिल्या चारात टिकला तरी पुष्कळ झाले, असे आमचे मत आहे.

आणि हंगाम तरी धड कुठे होता? भारतीय फुटबॉल महासंघाने २०१०मध्ये रिलायन्सच्या भागीदारीतल्या कंपनीशी १५ वर्षांसाठी ७०० कोटींचा करार केला होता. तो ८ डिसेंबर २०२५ला संपला. संपणार हे १५ वर्षे आधीपासून कॅलेंडरवर लिहिलेले होते. तरी पुढची व्यवस्था झाली नाही. जुलैमध्ये हंगाम स्थगित झाला, नव्या निविदा काढल्या तर एकही बोली आली नाही. सुनील छेत्री, गुरप्रीतसिंग संधू अशा खेळाडूंवर जानेवारीत फिफापुढे जाहीरपणे हात पसरण्याची वेळ आली. शेवटी ६ जानेवारी २०२६ला केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीची तारीख जाहीर केली. १४ संघ, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एकच सामना, एकूण ९१ सामने. देशातली सर्वोच्च लीग आहे ही.

मालकाने क्लब सोडून जाणे महाराष्ट्रात पहिल्यांदा घडलेले नाही, आणि इथेच जरा थांबून मागे पाहिले पाहिजे. १९६२ साली सुरू झालेल्या महिंद्रा संघाने ‘महिंद्रा युनायटेड’ या नावाने २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली. ती लीग जिंकणारा महाराष्ट्रातला हा एकमेव क्लब. चारच वर्षांनी, २०१०मध्ये, कंपनीने तो बंद केला. पुण्यात पिरामल समूहाचा पुणे एफसी २०१२-१३च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला. २०१५नंतर तो दिसला नाही. कल्याणी समूहाच्या भारत एफसीने एकच हंगाम काढला. डीएसके शिवाजीयन्सने लिव्हरपूलच्या नावाची अकादमी काढली, आय-लीगचे दोन हंगाम खेळले आणि २०१७मध्ये काखा वर केल्या. त्याच वर्षी मुंबई एफसी तळाला गेला आणि बंद पडला. २०२४-२५च्या आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता.

एफसी पुणे सिटीची गोष्ट तर शाळेतल्या मुलांनाही सांगावी अशी आहे. वाधवान समूहाचा पैसा, हिंदी सिनेमातले तारे भागीदार, बालेवाडीचे मैदान. २०१७-१८मध्ये हा संघ पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोहोचला. पुढच्याच वर्षी मालकाचा व्यवसाय अडचणीत आला आणि २०१९मध्ये क्लब मिटला. त्याच्या जागी नवे मालक आले आणि त्यांनी क्लब नेला हैदराबादला. हैदराबाद एफसी २० मार्च २०२२ रोजी केरळ ब्लास्टर्सला हरवून विजेता झाला. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला. दोन वर्षांच्या आत त्याच क्लबात पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले. २०२४मध्ये जिंदाल समूहाने क्लब घेतला आणि २०२५मध्ये तो दिल्लीला हलवून नावही बदलले. पुणे, हैदराबाद, दिल्ली. सहा वर्षांत तीन शहरे. बालेवाडीच्या स्टँडमध्ये नारिंगी जर्सी घालून ओरडणाऱ्या पोरांना कुणी एका शब्दाने विचारले नाही. विचारण्याची तरतूदच नव्हती, कारण क्लब त्यांचा नव्हताच.

जाधवच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. तो घडला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि नंतर पुणे एफसीच्या अकादमीत. पुणे एफसी गेला. प्रबोधिनी, तिच्यातल्या सगळ्या उणिवांसकट, अजून आहे.

मालक बदलणे हे काही पाप नाही. कोलकात्यात ईस्ट बंगालमध्ये गेल्या सात-आठ वर्षांत क्वेस आला आणि गेला, श्री सिमेंट आला आणि गेला, मग इमामी आला. पण ईस्ट बंगालचे मैदान, सभासद आणि लाल-पिवळा रंग होते तिथेच राहिले. मोहन बागानच्या नावामागे ‘एटीके’ जोडले गेले तेव्हा समर्थकांनी इतका विरोध केला की २०२३मध्ये ते काढावे लागले. जर्मनीत तर नियमच आहे की, क्लबात मताधिकाराचे बहुमत सभासदांकडेच राहिले पाहिजे. गुंतवणूकदार कितीही मोठा असो. पैसा बाहेरून येऊ द्यावा, पण क्लबाची मुळी गावात असली पाहिजे. तशी ती नसेल तर मालकाचे मन फिरले की क्लब गेलाच.

आपल्या राज्यात ही मुळी धरून असलेले एकच शहर आहे, कोल्हापूर. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. या संघांना कंपनी मालक नाहीत. पेठ हीच मालक. हंगामाआधी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे खेळाडूंची नोंदणी होते. कोण कुठून कुठे गेला यावर चौकाचौकांत वाद रंगतात, आफ्रिकेतले खेळाडूही आणले जातात आणि शाहू स्टेडियम खच्चून भरते. दोष तिथेही आहेत. पेठांची ईर्षा हाणामारीवर जाते, त्यापायी स्पर्धा थांबवाव्या लागल्या आहेत, हे समर्थनीय नाही. पण आय-लीग आली-गेली, सुपर लीग अडली-सुटली, तरी कोल्हापूरचा फुटबॉल कुणा उद्योगपतीच्या ताळेबंदावर अवलंबून राहिला नाही.

आता यात बीडचा धागा पाहा. कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. साखर कारखान्यांचे गाळपही त्याच महिन्यांत चालते. म्हणजे शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा समोरासमोर असतात तेव्हा शिरूर कासारची, धारूरची, वडवणीची पोरे तिथून काही मैलांवरच असतात. पंचगंगेच्या काठच्या फडात. आई-बापाने मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायकोचा कोयता पहाटे फडात उतरतो. दहा-बारा वर्षांचा मुलगा कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळतो, पाणी आणतो, थोडा मोठा झाला की मोळ्या वाहतो. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची नाहीतर ताडपत्रीची, वाकून आत शिरावे लागते अशी. तिच्यासमोरच्या मोकळ्या जागेत, टायरगाड्यांच्या मध्ये, संध्याकाळी ही पोरे खेळतात. चिंध्या आणि सुतळी गुंडाळून केलेला चेंडू, दोन बाजूला दोन-दोन विटा. अनवाणी पायांनी, अंधार पडेपर्यंत. दिवसभर राबलेल्या पायांत एवढे बळ कुठून येते कोण जाणे. निवड समितीचा माणूस त्या तळावर कधी येत नाही, आणि बीडमध्ये निवड चाचणी लागते त्या दिवशी ही पोरे बीडमध्ये नसतात.

बीडच्या मातीत खेळाडू निपजत नाहीत असे कुणी म्हणू नये. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२३च्या हांगझोऊ एशियाडमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसचा सुवर्णपदक विजेता आहे. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्ण आणि २०१९च्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकले. बीडचा सचिन धस २०२४च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावांची खेळी करून देशाला अंतिम फेरीत घेऊन गेला. साबळेला सैन्याने घडवले, आवारेला तालमीने. दोन्ही संस्था अशा, की त्यांचा मालक एका रात्रीत विचार बदलत नाही. पण धावणारा एकटा धावू शकतो, पैलवानाला एक जोडीदार पुरतो. फुटबॉलला २२ पोरे लागतात, शिट्टी मारणारा एक जाणता लागतो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा सामना आहे ही खात्री लागते. ती खात्री बीडमध्ये नाही.

आमच्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. तालुक्याच्या ठिकाणी जीपमध्ये कोंबून पोरे न्यायची, एक सामना हरला की दुपारी घरी. त्या शाळेचा वर्षाचा फुटबॉल संपला. चाळीस-पन्नास मिनिटांच्या खेळात कुणाच्या पायात काय आहे ते कळत नाही, आणि कळले तरी पुढे त्या पोराला न्यायला जागा नाही.

राज्याने प्रयत्न केले नाहीत असेही नाही. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ झाले. एका दिवसात दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा. शाळाशाळांना चेंडू दिले गेले, फोटो निघाले, पोरांना खरोखरच आनंद झाला. पण चेंडू ही खर्चाची वस्तू आहे. मुरमाच्या, काटेरी झुडपांच्या मैदानावर तो फार दिवस टिकत नाही. हवा भरायला पंप नाही, पंपाची सुई नाही, नवा चेंडू घ्यायला शाळेच्या खात्यात पैसे नाहीत. तेव्हा चौथीत असलेले पोर आज वयात आले आहे. त्या एका दिवसानंतर त्याच्यासाठी दुसरा दिवस उगवला नाही. प्रोजेक्ट महादेवाचे तसेच होऊ नये असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी २०१७कडे नीट पाहावे.

बीडसाठी उपाय अवघड नाही, फक्त पंचांग बदलावे लागेल. मुंबई-कोलकात्याचा फुटबॉल हंगाम बीडला लागू पडत नाही. इथली पोरे गावात असतात ती जूनपासून दिवाळीपर्यंत. पाऊस पडून मैदान मऊ झालेले असते, शाळा भरलेल्या असतात, आई-बाप घरी असतात. तेव्हाच इथे लीग व्हायला हवी. जिल्ह्यात तालुके ११: बीड, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, केज, अंबाजोगाई, परळी. प्रत्येक तालुक्याचा १४ वर्षांखालील एक संघ, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक सामना, असे धरले तर ५५ सामने होतात. प्रत्येक पोराच्या वाट्याला दहा सामने. ११ रविवारांत हे बसते आणि दिवाळीच्या आत संपते. मुलींची लीग त्याच दिवशी, त्याच मैदानावर, मुलांच्या आधी. मुलींचे नाव शेवटी जोडले तर ते गळते, हा अनुभव आहे. आणि ज्या जिल्ह्यात फडावर जाण्याआधी मुलीचे हात पिवळे करून टाकण्याची घाई होते, तिथे तिच्या नावाची जर्सी घरात असणे ही लहान गोष्ट नव्हे.

यासाठी मालक नको, प्रायोजक मिळाला तर बरे, नाही मिळाला तरी अडत नाही. जिल्हा क्रीडा संकुल आहे, कॉलेजांची मैदाने आहेत, क्रीडा शिक्षक आहेत. जे नाहीत ते पंच, आणि ते तयार करणे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनचे काम आहे. असोसिएशनने मुंबई-पुण्याबाहेर पाहावे. अकरा तालुक्यांतल्या बावीस क्रीडा शिक्षकांना प्राथमिक पंचाचे आणि प्रशिक्षकाचे शिक्षण देण्याने तिच्या तिजोरीला खिंडार पडणार नाही. चेंडू, जाळ्या, प्रवास आणि पोरांच्या खाण्याचा खर्च जिल्हा नियोजन समितीने उचलावा. तालुक्याच्या संघाची सूत्रे गावकऱ्यांच्या मंडळाकडे असावीत, कुठल्याही पुढाऱ्याच्या प्रतिष्ठानाकडे नकोत. संघाच्या नावात माणसाचे नाव आले की ते नाव खाली उतरताच संघही उतरतो. कंपन्यांच्या क्लबांचे जे झाले तेच इथे व्हायला वेळ लागत नाही.

दिवाळीनंतरचा प्रश्न उरतो आणि तोच खरा कठीण आहे. लीगमध्ये चमकलेले पोर आई-बापाबरोबर फडावर गेले तर पाच महिन्यांत सगळे धुऊन जाईल. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. लीग संपताच निवडलेल्या पोरापोरींना या वसतिगृहांत जागा राखून ठेवावी, वसतिगृहाजवळच्या मैदानावर रोज तासभर सराव व्हावा, आणि त्यांच्या ताटात भात-आमटीच्या पुढचे काही पडावे. मूल मागे राहिले की घरात एक काम करणारा हात कमी होतो, उचल फेडायला तो हात लागतो. आई-बापाला हे परवडेल अशी थोडी मदत शिष्यवृत्तीतून थेट त्यांच्या खात्यात गेली पाहिजे. प्रोजेक्ट महादेवाच्या ६० मुलांसाठी पाच वर्षांचा खर्च करण्याची तयारी सरकारने दाखवली आहे. त्याच योजनेतून बीडसारख्या स्थलांतराच्या जिल्ह्यांसाठी वेगळी तरतूद करता येईल.

आणि जे कुटुंब मुलाला मागे ठेवू शकत नाही त्याच्यासाठी कोल्हापूरने पुढे यावे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींना आमची विनंती आहे. तुमच्या जिल्ह्यातला ऊस आमची माणसे तोडतात. आठवड्यातून एकदा तुमचा एक जाणता खेळाडू एक चेंडू घेऊन जवळच्या कारखान्याच्या तळावर जाऊ द्या. पोरे तिथेच आहेत, रोज संध्याकाळी खेळत आहेत.

मुंबई सिटीचे नवे-जुने मालक पुढच्या वर्षी काय करतील, हे त्यांनाच ठाऊक. बीडच्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी, जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने आणि तालुक्यातालुक्यातल्या क्रीडा शिक्षकांनी मात्र त्याची वाट पाहू नये. पहिला पाऊस पडला की पहिला सामना लावावा आणि निवड यादी दिवाळीच्या आत जाहीर करावी. दिवाळीनंतर ती वाचायला पोरे गावात नसतील.